डागडुजी

ईरी, पेनसिल्व्हेनिया. मंगळवार-गुरुवार, सहा ते साडेनऊ.
सरोवरावरून आडवा बर्फ येतो
आणि ट्रेड स्कूलच्या मागच्या शेडमध्ये आम्ही अकराजण
अर्ध्या इंचाच्या नळ्या घेऊन उभे.

माझं वय सत्तेचाळीस.
अठरा वर्षं डॉक्टरांचे आवाज कानात घालून
त्यांच्या रोग्यांची दुखणी टाइप केली:
डावं फुप्फुस, उजवा गुडघा, स्वल्पविराम.
मग ते काम एक यंत्र करू लागलं,
न खोकता, चहाला न उठता.
पत्रात लिहिलं होतं, आपल्या सेवेबद्दल आभार.
त्यातसुद्धा एक स्वल्पविराम चुकला होता.

माहितीपत्रकात सगळं होतं,
वेल्डिंग, केस कापणं, दातांच्या डॉक्टरची मदतनीस.
मी प्लंबिंगवर बोट ठेवलं तेव्हा
खिडकीतल्या बाईनं चष्म्यावरून पाहिलं. नक्की?
म्हटलं, नक्की नाही. फॉर्म द्या.

वॉल्ट झेलिन्स्की शिकवतो.
करंगळीचं एक पेर कमी,
कसं गेलं विचारलं तर दरवेळी वेगळी गोष्ट.
"ज्योत सोल्डरला दाखवू नका, सांध्याला दाखवा.
तांबं तापलं की ते स्वतः ओढून घेईल.
तुम्ही फक्त मधे येऊ नका."
कोल्टन, वय एकोणीस, मधे येतो.
हरिमाया, भूतानमधून नेपाळात, नेपाळातून इथे,
नळी अशी घासते
जणू उद्या सणाला काढायची आहे.
तामा, ती पहिल्या दिवशी म्हणाली.
तांबं, मी म्हटलं.
तेवढं बोलणं आम्हाला महिनाभर पुरलं.

मी तांबट आळीतली. हे वॉल्टला सांगितलं नाही.
आप्पा सोळाव्या वर्षापासून हंडे ठोकत.
पस्तिशीत कान गेले.
मग पतपेढीत शिक्के मारायला लागले,
हाही ठोकाच, पण मऊ, म्हणायचे.
मला पत्र्याजवळ येऊ देत नसत.
बोटं जप. तुला खुर्चीवर बसायचंय.
बसले, आप्पा. बसून झालं.

फोनवर ओरडून सांगितलं, तांब्याचं काम शिकतेय!
कॉम्प्युटरचं? छान, छान.
आणि आळीभर सांगून आले.
मी दुरुस्त केलं नाही.
आपल्यात पदराला लागतो तोही डाग
आणि फुटक्या घागरीला देतात तोही डागच.
कुठला कुणाला, हे इतक्या लांबून कळत नाही.

आज परीक्षेचा बोर्ड.
चौदा सांधे, दोन टी, एक व्हॉल्व्ह.
वॉल्टनं पाणी सोडलं
आणि सगळे माझ्या नळ्यांकडे बघत राहिले,
पोहे खाता खाता पाहुणे मुलीकडे बघतात तसे.
नवव्या कोपऱ्याशी, खालच्या अंगाला
एक थेंब आला.
थांबला.
पडला.
"पाण्याकडे अख्खी रात्र आहे," वॉल्ट म्हणाला,
"तुझ्याकडे साडेनऊपर्यंत."
कापला, घासला, पुन्हा जोडला.
पुन्हा थेंब.
हरिमायानं न बोलता आपली फडकी माझ्याकडे सरकवली.

बाहेर, गाडीची काच खरवडत फोन लावला.
तिकडे सकाळ.
काय म्हणतो कॉम्प्युटर?
गळतोय, म्हटलं. साध्या आवाजात. ओरडायचं त्राण नव्हतं.
तिकडून बराच वेळ काहीच नाही,
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी फक्त.
मग आप्पा म्हणाले,
ताप पुरला नसेल. खालून दे.

आणि शेवग्याच्या शेंगा किती महागल्यात
ते सांगत बसले.