मापात पाप

उद्या सव्वादहाचा नंबर लागलाय
पद्मावतीला, पटवेकर बाईंकडे.
तिथे आठला फोन उचलतात
आणि आठ वाजून एक मिनिटाने नंबर विसाच्या पुढे गेलेला असतो,
म्हणून आज पावणेआठपासूनच मी बोट तयार ठेवलं होतं.

फाइल काढून ठेवली.
लसींच्या कार्डावर अजून 'बेबी ऑफ वृषाली',
बारसं होऊन तीन महिने होत आले तरी.
वर कालिंदी लिहायला पेन उघडलं, तर वृषाली म्हणाली,
थांब, खाडाखोड नको, शाळेत लागतं ते.
चौदा आठवड्यांची पोरगी, आणि शाळा.

पिशवीत लंगोट, जुन्या मऊ साडीची दुपटी,
बंदांचं झबलं, मांडी चटकन मोकळी होणारं,
सुई टोचून झाल्यावर वाजवायचा खुळखुळा
(मागच्या वेळी तो माझ्याच हातात थरथरत वाजला).

वृषालीने प्रश्न लिहिलेत विजेच्या बिलामागे:
शी हिरवी होते, चालेल का
टाळूवर खपली, तेल लावू की नको
शिंका फार
मान कधी धरेल
पाचवा प्रश्न लिहून खोडलाय.
बिल दिव्यासमोर धरलं की वाचता येतो:
माझं दूध पुरतं का

गेल्या खेपेला तीनशे साठ ग्रॅमच वाढलं होतं.
बाई म्हणाल्या, बघू पुढच्या वेळी.
तो 'बघू' महिनाभर
आमच्यासोबत जेवायला बसतो.

मी वैधमापनचा निरीक्षक.
गुळाच्या अडतीपासून सोनाराच्या तराजूपर्यंत
निम्म्या मार्केट यार्डाला माझा शिक्का.
कचेरीत, मखमलीच्या पेटीत
पितळी वजनं असतात, ज्यांच्यावरून बाकीची तपासायची.
त्यांना उघड्या हाताने शिवायचं नसतं,
बोटांचा घामही वजनात धरला जातो.
परवा सगळे जेवायला गेले तेव्हा
हातमोजे चढवून मी पाच किलोचं उचललं,
कोपराच्या खोबणीत धरलं, तिला धरतो तसं,
डोळे मिटले.
गार होतं. कुठूनच वळवळत नव्हतं.
ती याहून हलकी की जड, काही म्हणजे काही कळेना.
डोळे उघडले तर दारात शिपाई गुंजाळ.
साहेब, पंखा लावू का, म्हणाला.

बाईंच्या काट्यावर ती पाय झाडत होती,
आकडा ठरत नव्हता,
आणि मी खाली वाकून
शिक्क्याची तारीख शोधत होतो.
रिक्षात कात्रजपर्यंत वृषाली एक शब्द बोलली नाही.
शिक्का चालू वर्षाचा होता.
काटा बरोबर होता.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

झोपेतच नखं कापून घेतली तिची, मोबाइलच्या उजेडात.
दहा कापली, चादरीवर नऊ सापडली.
दहावं
सकाळी माझ्या बाहीला निघेल.

दीड वाजलाय. खाली कुणीतरी
स्कूटर लावतंय, बराच वेळ, नीट उभी राहत नाहीये.
अंधारातून वृषाली म्हणते,
निघायच्या आधी पोटभर पाजते हं.
तेवढेच पन्नास-साठ ग्रॅम दिसतील.

बाजारात याला मापात पाप म्हणतात.
नऊ वर्षं मी त्याचे दंड केलेत,
एकदा तर टोपलीखाली चिकटवलेल्या
लोहचुंबकासाठी एका म्हातारीचा काटा जप्त केला,
तिने शिव्या दिल्या त्या अजून पाठ आहेत.

पाज, मी म्हणालो.
आणि लंगोट ओला झाला तर काट्यावर तसाच राहू दे.

कपडे काढून घेतात रे वजन,
ती म्हणाली, आणि हसायला लागली,
उशीत तोंड खुपसून,
महिन्याभराने.

हळू,
उठेल.