डाव्या हाताचा टाका

भक्कडशेठचा पोरगा म्हणाला, मामा, एकदा बघून द्या,
ओरिजिनल आहे की नाही तेवढंच सांगा.
अंबड चौफुलीच्या पुढं, बियाण्याच्या गोडाऊनात
सरकीच्या पोत्यांना पाठ लावून उभी होती ती,
लाल, दोन दारांची, माझ्या कमरेलाही न लागणारी.
तिच्यात बसायचं तर आधी जमिनीला वाकावं लागतं.

विकणारा परभणीचा. त्याच्याजवळ एक गोष्ट होती:
हैदराबादचा कुणी नवाब, लंडनहून बोटीनं आणलेली,
नवाब गेला, बेगम विकेना, शेवटी नातवानं विकली.
गोष्टीला कागद एकच, झेरॉक्सची झेरॉक्स,
शिक्क्याच्या जागी नुसता काळा डाग.

मी गोष्टीशी बोलत नाही.
जुन्या स्पीकरचं चुंबक आहे माझ्याकडं, रुमालात गुंडाळलेलं.
बॉनेटला चिकटलं. दाराला चिकटलं.
मागच्या चाकाच्या वर मात्र निसटून
फरशीवर पडलं, टक्.
तिथं पत्रा नव्हता. पुट्टी होती, बोटभर जाड.

मग काचा. कोपऱ्यातले ठिपके चष्मा पुसून मोजले.
पुढची अठ्ठ्याऐंशीची, मागची चौऱ्याऐंशीची.
मीटर मैलांचं नाही, किलोमीटरचं. लंडन तिथंच संपलं.
दाराच्या चौकटीत तेलबदलीचा कागद, अर्धा खरवडलेला,
अक्षरं खिडक्यांच्या गजांसारखी.
जपानी, पोरगा फोन धरून म्हणाला,
पुढच्या वेळी अमुक किलोमीटरला या, असं लिहिलंय.
निळ्या शाईत आकडा होता.
कुणीतरी तिकडं वाट बघितली असेल, एखादा आठवडा.

चासीच्या नंबरावरून रॉकेलची चिंधी फिरवली.
सगळे अंक कवायतीत उभे, कारखान्यात शिकलेले,
एक सात तेवढा कलला होता
वाऱ्यातल्या ज्वारीच्या ताटासारखा. हातोडीचा सात.

जॅकवर घेतली, पाठीवर सरकत खाली गेलो.
सीटच्या मागं आडवी रेघ.
खरवडली. डांबर निघालं, मग लाल, मग पांढरा, मग टाका.
आख्खी गाडी कधी आलीच नव्हती.
दोन अर्ध्या आल्या होत्या, भंगाराच्या पेटीतून.
आख्खीला कस्टम पडतो, अर्धीला कोण विचारतं?

बॅटरी जवळ नेली आणि हात थांबला.
टाक्याची खवलं उलट्या दिशेला पडलेली,
दर चार बोटांवर दम घेतलेला.

हमीदुल्ला उस्ताद.
कुंडलिकेच्या पुलाजवळ पत्र्याचं दुकान.
जेवायचा उजव्यानं, जोडायचा डाव्यानं,
चार बोटं जोडली की खोकायचा.
मी पंधराचा, काळी काच पुसायला, रॉड द्यायला.
एका थंडीत दुकानात ताडपत्रीखाली काहीतरी होतं.
आम्हा पोरांना आठ दिवस सुट्टी दिली, भरपगारी.
आम्ही मोती तलावावर पोहत बसलो.
का दिली, ते कुणी विचारलं नाही.

बाहेर आलो. शर्टाला सरकी चिकटलेली.
मामा, बोला की. काय बघायलाव कवापासून?
म्हणालो, तोंड खरं आहे. पाठही खरी आहे.
नवाब खोटा, सात खोटा. घेऊ नको,
आरटीओत अडकशील.
मग हिच्यात ओरिजिनल काय?
जोड, म्हणालो.
तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

मी काही गंमत करत नव्हतो.
तीस-बत्तीस वर्षं, आपले रस्ते, आणि केसाएवढी भेग नाही.
पण हे त्याला सांगून काय करायचं,
त्याला गाडी घ्यायची होती.

चहा आला, पिलो. माझे पाचशे घेतले.
निघताना डब्यातून रेड ऑक्साइड काढलं
आणि परत खाली सरकलो,
खरवडली होती तेवढ्या जागेवर एक हात मारायला.
उघडं राहिलं की गंज धरतो.
पोरगा म्हणाला, मामा, परत चाललीय ना ती,
कशाला?
ब्रश मी डाव्या हातात धरला होता.
नीट जमलं नाही.