औंसभर अंडी

चौऱ्याऐंशी झडपा आहेत या व्हिलाला.
सकाळी उघडायच्या, दिवेलागणीला लावायच्या,
उत्तरेकडच्या नऊ मात्र उघडायच्याच नाहीत,
बिजागऱ्या हातात येतात.
किल्ल्यांचा जुडगा देताना काउंटनं एवढंच सांगितलं,
आणि मग, शरमून, की पगार दहा तारखेला होईल.
कधी बाराला.

काउंट झाक्कारिया सांद्रिगाल, वय एक्क्याऐंशी.
पूर्वजांच्या नावे व्हेनिसमधला एक पूल,
स्वतःच्या नावे छपराचं कर्ज.
राहतो तबेल्याच्या तीन खोल्यांत,
शेगडी तिथेच नीट पेटते म्हणून.
रविवारी फाटकाशी टेबल मांडून तिकिटं फाडतो.
परवा एका पाहुण्यानं विचारलं,
'मालकांपैकी कुणी उरलंय का हो?'
'आहे एक,' तो म्हणाला, 'फारसा दिसत नाही.'
पाहुण्यानं हातावर ठेवलेले दोन युरो
त्यानं कोटाच्या खिशात टाकले.
कोट त्याच्या बापाच्या मापाचा.

मोठ्या दालनात भिंतभर देवता.
ढगांवर रेललेल्या, खांद्यावरून वस्त्र ओघळलेलं,
मधूनच लांब नाकाचे सांद्रिगाल पुरुष,
जणू स्वर्गातही त्यांची थोडी जमीन होती.
लोक माना वर करून बघतात.
मी खाली बघते.
युद्धाच्या वर्षांत इथे मक्याची पोती रचलेली,
माणसाच्या छातीइतकी उंच,
ओढता-काढता भिंतीला घासून
देवतांचे पाय पुसले गेले.
त्या तशाच बसल्यात, अधांतरी.

आणि त्याच्याही वर, छपराच्या तुळयांखाली,
जिथे तिकीट चालत नाही,
तिथे माझी आई रेशमाचे किडे पोसायची.

एप्रिलात अंडी यायची. खसखशीएवढी, औंसभर,
कापडाच्या पुरचुंडीत.
ती उबवायला ब्रेंताकाठच्या बायका
पुरचुंडी छातीशी बांधून हिंडत,
प्रार्थनेला वाकत नसत,
झोपेत कूस बदलत नसत.
मी त्यानंतरच्या हिवाळ्यात जन्मले.
ती जागा आधी त्यांची होती.

मग तुतीची पानं. टोपल्याच टोपल्या,
मागच्या अरुंद जिन्यानं,
दिवसा चार वेळा, रात्री दोनदा.
काउंट म्हणतो, लहानपणी अंथरुणात पडून
मी वरचा तो आवाज ऐकायचो,
हजारो बारीक तोंडं, न थांबता.
मला वाटायचं, कुणीतरी घरच खातंय.

गेल्या नोव्हेंबरात, पाहुणे नसताना,
त्यानं हिशेबाच्या वह्या काढल्या.
त्याची नजर गेली आहे, वाचायचं मी.
बैल. चुना. वाइनची पिंपं. धर्मगुरूंना कोंबड्या.
आणि एकावन्न सालच्या जूनमध्ये,
थोरल्या काउंटच्या तिरक्या, सुंदर अक्षरात:
दोझोलिना बेल्लिन. अंडी एक औंस.
कोष बावन्न किलो, निम्मे मालकाचे.
तूट तीनशे ग्रॅम.
मजुरीतून वजा.

शेगडीत लाकूड सरकलं.
तूट कुठे गेली ते मला ठाऊक होतं.
आमच्या पेटीत अजून आहे,
गाठीगाठींच्या सुताचा एक रुमाल,
चोरून उकळलेला, चोरून विणलेला.
ईस्टरला आई तो डोक्याला बांधायची
आणि चर्चमध्ये बसायची सांद्रिगालांच्या
बरोब्बर मागे, चौथ्या बाकावर.

मी सांगितलं. का, कोण जाणे.

काउंटनं पेन चाचपलं, टोपण काढलं.
'खोडतो,' म्हणाला. 'ओळ दाखव, माझं बोट तिथे ठेव.'
मी वही मिटली.
म्हटलं, राहू द्या.
या एवढ्या मोठ्या घरात
तिचं नाव त्या एकाच ओळीत आहे.

तो बराच वेळ टोपण लावत राहिला, बसेना.
मग म्हणाला, आम्ही पुढे बसायचो ना,
मागे वळून बघायची परवानगी नसे.
कुठला रंग होता?

पिवळा, मी म्हटलं,
आणि झडपा लावायला निघाले.
पंच्याहत्तर.