टरफलं

ईस्टरच्या आदल्या रात्री आई
खिडकीला घोंगडी लावून
कांद्याच्या साली उकळायची.
वास लपावा म्हणून शेजारच्या चुलीवर
मुद्दाम कोबी करपवायची.
पलीकडची ल्युले म्हणायची,
द्राने, तुला उभ्या जन्मात कोबी जमणार नाही.
आई म्हणायची, नाहीच गं जमत.

चार अंडी. विटेसारखी तांबडी.
एक बाबांच्या वाटचं.
ते स्पाचच्या डोंगरात तांबं खणत होते,
दहा वर्षांची सजा.
प्रेंदच्या तान्ह्या पोराच्या कपाळावर
त्यांनी ओगराळ्यानं पाणी ओतलं होतं
बाप, पुत्र, पवित्र आत्मा म्हणत, अगदी हळू.
पोर रडलं.
भिंतीपलीकडे गेलं ते तेवढंच.

सोमवारी शाळेत बाई आमची नखं तपासायच्या.
म्हणून रात्रीच आई लिंबू नि राख घेऊन
माझी बोटं घासायची, सालडी निघेपर्यंत.
टरफलं खलबत्त्यात कुटून
कोंबड्यांपुढे टाकायची.
कोंबड्यांनी कधी चहाडी केली नाही.
पुढच्या वर्षी त्यांनी तीच टरफलं परत दिली,
आत नवा बलक घालून.

जपमाळ नव्हती. घेवड्याचे दाणे होते.
त्रेपन्न दाणे या वाडग्यातून त्या वाडग्यात,
खडे निवडल्यासारखे.
प्रत्येक दाण्याला एक नमो मरिया, ओठांच्या आत.
मग तेच दाणे शिजायला.
कधी एखादा खडा खरंच दाताखाली यायचा.

बाईंनी विचारलं, घरी कोण प्रार्थना करतं?
मी उभी राहिले.
कुणी नाही, म्हटलं. देव नाही, म्हटलं.
आवाज खणखणीत लागला होता माझा.
मला लाल रुमाल मिळाला.
आईनं तो धुतला, घडी मोडेल म्हणून
उशीखाली ठेवला.
त्या रात्री घेवडा फार वेळ निवडत बसली.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा
एक माणूस कागद घेऊन आला.
नवऱ्याशी संबंध नाही, एवढंच लिहिलंय,
पोरगी तिरानाला शिकेल, डॉक्टर होईल.
आईनं पेन हातात घेतलं, उजेडात धरलं.
चांगलं आहे, म्हणाली,
माझ्या हातून बिघडेल.
आणि ठेवून दिलं.

मी दाराआड होते.
कर ना गं सही, म्हणत होते मनात.
हे लिहून ठेवते,
कारण हल्ली गाव तिला संत म्हणतं
आणि मला संताची मुलगी.
अकरा वर्षं मी सामुदायिक गोठ्यात दूध काढलं.
हिवाळ्यात गाईच्या पोटाला कपाळ टेकून
तिला शिव्या दिल्या.

बाबा आले नाहीत. त्यांचा कोट आला.
आईनं तो उलटा केला,
एकेक शिवण उसवून पाहिली.
मी श्वास धरून,
आता निघेल चिठ्ठी, लाकडाचा एखादा क्रूस.
गोष्टींत निघतं तसं.
काही निघालं नाही. धूळ निघाली, हिरवट.
आईनं तो कापून मला बेतून दिला.
ऊबदार होता.

आता चर्च उघडलंय.
भिंतीत व्हॉलीबॉलच्या जाळीचे हुक तसेच आहेत,
एकाला कुणी तरी दिवा टांगलाय.
सगळे गातात, बाकं थरथरेपर्यंत.
आईचे फक्त ओठ हलतात.
तरुण फादर म्हणाला,
मोठ्यानं म्हणा, आजी, आता भीती नाही.
ती म्हणाली, आवाज कुठं तरी नीट ठेवला होता रे,
सापडत नाहीय.

बाहेर पायऱ्यांवर पोरं अंडी फोडतात,
निळी, पिवळी, दुकानातल्या रंगांची.
टरफलं वाऱ्यावर.
आई वाकते, पदरासारखा एप्रन धरून
एकेक वेचू लागते.
असू दे गं, मी म्हणते. कुणी बघत नाही.
ती वेचत राहते.

एक निळा तुकडा कट्ट्याखाली सरकलाय.
तिचा हात तिथवर पुरत नाही.
मी इकडे तिकडे बघते
आणि वाकते.