कांडी

सोमवारी शून्य पूर्णांक आठ.
धंतोलीतल्या लॅबच्या खिडकीतली पोरगी विचारते,
पेशंटचं नाव? रेशीम. वय? चार.
पतीचं नाव?
मनोहर पराते माझ्याकडे बघतात, मी छताकडे.
मग ते खिडकीशी वाकून सांगतात : वजीर.
मयत आहे जी. तीन वर्सं झाली.
पोरगी सॉरी काका म्हणते
आणि रक्ताची नळी बर्फात उभी करते.

रेशीम गाडीत, मागच्या सीटवर,
कारवानी, लांब तोंडाची,
पाय दुमडून बसलेली, घडीच्या लुगड्यासारखी.
बाहेर शेहेचाळीस.
गिट्टीखदानला माझ्या टेबलाखाली
नायट्रोजनच्या कॅनमध्ये उणे एकशे शहाण्णव,
आणि तिथे वजीर, दोन कांड्या उरलेला.
चार होत्या.
मागच्या माजाला मी घाई केली.

ताजं असतं तर आत पाच-सहा दिवस वाट बघत बसतं.
गोठवलेलं एकदा वितळलं
की दिवसभराचा पाहुणा.
हे परातेंना समजवावं लागलं नाही.
गोळीबार चौकामागे त्यांच्या बापाचा हातमाग होता,
आता मागाच्या खड्ड्यात रेशीम झोपते, गारवा असतो म्हणून.
कांडी हा शब्द त्यांचा, माझ्या आधीपासूनचा.
"दोरे उघडले का नाही ते पाहूनच धोटा फेका लागते, डॉक्टर.
नाही त मंग सारं गुतते."

बुधवारी दोन पूर्णांक एक.
गुरुवारपासून रेशीम माझ्याकडेच मुक्कामाला.
शुक्रवारी पाच पूर्णांक सहा,
आणि पराते खुर्चीवरून उठलेच :
सुटलं ना अंडं? मंग आजच देऊन टाका ना.

नाही.
सुटलं म्हणजे पिकलं नाही.
हे संत्र्यासारखं नाही काका,
तोडलं तेव्हा होतं तेवढंच गोड.
हे आंब्याचं आहे. आढीत दोन दिवस.
"अन् मंग?"
मग एक दिवस. फार तर सव्वा.

रोज काच रंगवते.
सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच पेशी, कडा मुडपलेल्या,
चिवड्यातल्या मक्याच्या पोह्यांसारख्या.
आणि गेटपाशी, गुरुवारपासूनच,
गल्लीतला भुऱ्या. एक कान फाटका.
ना नळी, ना बर्फ, ना सातशे रुपयांची पावती.
पाणी ठेवलं तर बसल्या बसल्या प्याला.

रविवारी संध्याकाळी रेशीमला अंगणात काढलं.
तिची शेपटी आपोआप बाजूला झाली.
तो उभा राहिला.
दोघांच्या मधे लोखंडी जाळी,
आणि मी, शिकलेली,
पट्टा आखडून धरलेली.

सोमवार, पहाटे पाच.
सदतीस अंशाचं पाणी, घड्याळ परातेंच्या हातात.
ते मोठ्याने मोजत होते,
ताणा भरताना मोजावं तसं, अडखळू न देता.
काचेवर थेंब.
आधी काहीच नाही.
मग डाव्या कोपऱ्यात एक,
मग शंभरातला चाळीस वजीर हलायला लागला.
पाहू द्या, म्हणाले.
पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं.
"पळायचाच तसा तो."

नंतर दहा मिनिटं
रेशीमचे मागचे पाय मांडीवर उचलून ते बसून राहिले.
कूलर बंद केला होता, का ते आठवत नाही.
कॅनचं झाकण मी उघडंच विसरले,
तसंही आत आता कोणी नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी पोटावर यंत्र फिरवीन.
तोवर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही,
आणि पराते रोज फोन करतात.

गुरुवारी सकाळी शटर वर केलं
तर गेटपाशी नुसती पाण्याची परात,
भरलेली, वर एक निंबाचं पान.
भुऱ्या उठून गेला होता.
तरी मी काच रंगवली.
मक्याचे पोहे संपले होते.
तारीख लिहिली, वेळ लिहिली,
आणि पतीचं नाव छापलेला तो सोमवारचा कागद
फाईलमध्ये सगळ्यात वर लावला.