रस्ता पाण्यात शिरतो तिथं

माजलगावला बदली झाली तेव्हा
आई देवगडहून फोनवर एवढंच म्हणाली,
"समुद्र नाही रे तिथं."
जणू मीठच मिळत नाही.

हायवेवरच्या 'सागर किनारा'त
बर्फात आठवडा काढलेली सुरमई खाल्ली.
रात्रभर तिनं मला खाल्लं.

मग पंक्चर काढता काढता रज्जाक म्हणाला,
"साहेब, पाटी कशाला हुडकता?
बाभळींच्या पुढं रस्ता पाण्यात शिरतो.
तो शिरायच्या आधी थांबायचं."

खरंच शिरत होता,
डांबरासकट, मैलाच्या दगडासकट.
काठावर चार पत्रे, एक चूल,
आणि राखेत घोळवून मरळ खसखसा घासणाऱ्या
सरूबाई लिंबोरे.
भाव विचारला तर म्हणाल्या, आधी बसा.

रस्सा काळा, येसराचा.
नारळ नाही, कोकम नाही.
चिंच, तीही मागच्या झाडाची.
पहिल्या घासाला मी आईच्या हाताशी ताडून बघितलं,
दुसऱ्याला विसरलो.
तिसऱ्याला नाक गळायला लागलं.

"कुठं घावला हा?"
हातातल्या अर्ध्या थापलेल्या भाकरीनंच
त्यांनी पाण्याकडं दाखवलं.
"चावडीत.
वाम पाहिजे असली तर शाळंत.
मारुतीपाशी झिंगे लई.
आमच्या घरावर मात्र
जाळं टाकीत नाहीत हे."

माझा हात ताटात थांबला.
लांब एक थर्माकोलचा तराफा
कुणाच्या तरी अंगणावरून
सावकाश चालला होता.

सरूबाईंनी न विचारता पळीभर रस्सा वाढला.
"खा की," म्हणाल्या,
"निवायलंय."