एक ते चार

वृंदा म्हणाली, "आपल्या दोघांत
एकालाच आता केस कापावे लागतात.
त्यानं तरी कापून यावेत."

वही तिच्या उशाशी ठेवली.
ताप ९९.४. मऊ भात, दोन चमचे.
तोंड आलंय. पाणी उकळून गार.
वहीत माझ्या नावाचा रकाना नाही,
असावा असं कधी वाटलंही नव्हतं.
उपाध्येकाकू पेपर घेऊन तिच्याजवळ बसल्या,
मी तळजाईचा उतार स्कूटर बंद करून उतरलो.
मागे बसायची तेव्हा ती म्हणायची,
चार थेंब वाचवून बंगला बांधणार आहात का?

क्षीरसागरांनी कापड झटकलं, मानेशी गाठ मारली.
कापडाच्या आत मुठीत मोबाईल,
आवाज पूर्ण वाढवलेला.
"बऱ्याच दिवसांनी?"
"गावाला होतो," मी म्हटलं.
पाच महिने प्लेटलेट्सचे आकडे सांगतोय,
सोलापूरच्या मावसभावाला,
पपईच्या पानांचा रस सुचवणाऱ्या सेक्रेटरीला.
इथे पहिल्यांदा खोटं बोललो
आणि त्या न गेलेल्या गावाची हवा
अंगाला लागली.

मग फवारा. मग बोटं.
डोक्यावर कुणाचा तरी हात,
जो काही विचारत नाही,
काही मोजत नाही.
कात्रीची कचकच कानामागून
कुठे गेली, कळलं नाही.

जाग आली तेव्हा शटर अर्ध्यावर ओढलेलं,
मानेखाली घडी घातलेला टॉवेल,
आरशात उलटं घड्याळ. ते सुलट करायला
जरा वेळ लागला. सव्वादोन.
क्षीरसागर बाकावर डबा खात होते.
या शहरात एक ते चार
कुणी कुणासाठी दुकान उघडं ठेवत नाही.
त्यांनी माझ्यासकट बंद केलं होतं.

मोबाईल वाजला नव्हता.
आधी भीती वाटली, मग लाज,
मग, खरं सांगतो,
आणखी पंधरा मिनिटं हवी होती.

"गावाकडे झोप होत नाही वाटतं,"
ते म्हणाले,
आणि लोणच्याची फोड चावली.

घरी वृंदानं काहीच विचारलं नाही.
"गर्दी होती," मी आपणहून म्हणालो.
"वाक," ती म्हणाली.
वाकलो.
कॉलरच्या आत राहिलेले
बारीक, पांढरे केस
तिनं फुंकले,
दम लागला, थांबली,
पुन्हा फुंकले.